बेडूक, हिरे आणि माझी बंद पडलेली हार्ड डिस्क

(आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'काय ना' बरेचसे काढलेत, सगळे नाही निघाले.)

हेडफोन लावलेत ना? बसमध्ये असाल तर जरा आवाज वाढवा, कारण आज मी थोडा हळू बोलणार आहे. विषयच तसा आहे. एक कबुलीजबाब आहे म्हणा ना.

मागच्या एका भागात मी सहज बोलून गेलो होतो की माझ्याकडे विचित्र सिनेमांचा मोठा साठा होता. 'होता' हा शब्द तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पकडला. मेसेज आले, 'दादा, होता म्हणजे काय? आणि असले सिनेमे साठवायचे कशाला? ज्यात काही कळत नाही ते गोळा करून माणूस करतो काय?' दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत. म्हणून आज सगळंच सांगतो.

सुरुवात एका सिनेमापासून करतो. 'ओम दर-ब-दर'. दिग्दर्शक कमल स्वरूप, वर्ष १९८८. पैसा एनएफडीसीचा, म्हणजे सरकारी. आता गोष्ट सांगा म्हणाल तर इथेच माझी पंचाईत होते. पुष्कर-अजमेरचा परिसर आहे. ओम नावाचा एक शाळकरी पोरगा आहे, त्याला श्वास रोखून धरायची कला अवगत आहे. त्याचे बाबूजी सरकारी नोकरी सोडून ज्योतिष सांगायला लागलेत. गायत्री नावाची मोठी बहीण आहे, तिचं प्रेमप्रकरण आहे. बेडूक आहेत, हिरे आहेत, जाहिराती आहेत, पुराणं आहेत, विज्ञानाचा तास आहे. आणि हे सगळं एकामागोमाग न येता एकमेकांच्या अंगावर पडत येतं. पात्रं हिंदी बोलतात, प्रत्येक शब्द कळतो आणि वाक्य कळत नाही. तरी तुम्ही हसता. का हसलो हे दुसऱ्या दिवशी दात घासताना आठवतं आणि परत हसू येतं.

या सिनेमाला १९८९ साली फिल्मफेअरचा समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. त्याआधी तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला होता. आणि आपल्याकडच्या थिएटरात? नाही लागला. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, जवळपास पंचवीस वर्षं नाही लागला. रीतसर प्रदर्शित झाला तो जानेवारी २०१४ मध्ये, एनएफडीसीने प्रिंट दुरुस्त करून घेतल्यावर.

मग मधल्या काळात तो जिवंत कसा राहिला? हातोहात. कुणाकडे तरी व्हीएचएस टेप होती, तिच्यावरून दुसरी टेप, तिच्यावरून तिसरी. नंतर कुणीतरी ती कॉम्प्युटरवर घेतली, मग टॉरंट, मग पेन ड्राइव्ह. फिल्म शिकणारी पोरं, सिनेमावेडे, पुढे स्वतः दिग्दर्शक झालेली मंडळी, सगळ्यांनी तो असाच पाहिला. 'देव.डी'मधलं 'इमोशनल अत्याचार' आहे ना, ते सुचण्यामागे याच सिनेमातलं एक गाणं होतं असं सांगतात. म्हणजे बघा, थिएटरात न लागलेला सिनेमा तुमच्या कॉलेजच्या गॅदरिंगपर्यंत पोचला होता, आणि तुम्हाला पत्ता नव्हता.

मला तो मिळाला २०१० च्या पावसाळ्यात, पुण्यातल्या हॉस्टेलवर. आमचा एक सीनियर होता. नाव नको, आपण त्याला दादाच म्हणू, मी तेच म्हणायचो. वाईजवळच्या गावचा. वरच्या मजल्यावर राहायचा, त्याच्या खोलीत पंख्याखाली कायम बनियन वाळत असायचे. एका रात्री त्याने मला बोलावलं, लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "हे बघ. आणि मधे प्रश्न विचारायचे नाहीत."

ती कॉपी तुम्ही बघितली असतीत तर फोन फेकून दिला असता. रंग उडालेले, खाली टेपच्या आडव्या रेघा नाचतायत, आवाज विहिरीतून आल्यासारखा. अर्ध्या वेळा मला कळेना की पडद्यावर जे चाललंय ते दिग्दर्शकाने केलंय की टेप खराब झालीये. पण त्या रेघांमुळे अजूनच मजा आली. असं वाटलं की ही गोष्ट आपल्यापर्यंत चालत आलीये. किती जणांच्या खोल्यांतून, किती रात्री जागून. आणि आता आपला नंबर लागलाय.

मी दादाला म्हटलं, "मला दे ना हे."

तो म्हणाला, "देतो. पण दिलेलं पुढे द्यायचं असतं, एवढं लक्षात ठेव."

मी 'हो हो' म्हटलं. आपण 'हो हो' म्हणतो तसं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो, साठवायचे कशाला. मला वाटतं रहस्यपट आणि असले सिनेमे यांत मोठा फरक आहे. खुनी कोण हे एकदा कळलं की रहस्यपटाचं काम झालं. परत बघितलात तरी आठवण काढायला बघता. पण ज्या सिनेमाचा उलगडा होतच नाही तो संपत नाही. तो घरात ठेवायला परवडतो, कारण दर वेळी काहीतरी वेगळं हाताला लागतं. मी 'ओम दर-ब-दर' अकरा-बारा वेळा पाहिलाय. समजला का? नाही. पण विसाव्या वर्षी मी ओमवर हसलो होतो, आणि तिशीत त्या बाबूजींना बघून पोटात गोळा आला. बऱ्यापैकी नोकरी सोडून ग्रहताऱ्यांच्या नादी लागलेला माणूस. सिनेमा तोच होता, मी नोकरी बदलायच्या विचारात होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे गुपित. डेव्हिड लिंचचा 'इरेझरहेड' नावाचा सिनेमा आहे, १९७७ चा, काळा-पांढरा. लिंच गेल्यावर, जानेवारी २०२५ मध्ये, तुमच्या फीडवर त्याची चित्रं फिरली असतील. केस उभे राहिलेला एक माणूस, तो याच सिनेमातला. लिंचने तो बनवायला जवळपास पाच वर्षं घेतली. पैसे संपायचे, शूटिंग थांबायचं, मग हा बाबा वर्तमानपत्रं टाकायचा आणि चार पैसे जमले की परत कॅमेरा सुरू. एका प्रसंगात नायक दाराची मूठ फिरवतो आणि आत येतो. दाराबाहेरचा शॉट आणि दाराच्या आतला शॉट यांच्यात सुमारे दीड वर्षाचं अंतर आहे! तोपर्यंत बिचाऱ्या जॅक नॅन्सने ते केस तसेच सांभाळले. त्या सिनेमात एक बाळ आहे, आजारी, माणसाचं की कशाचं ते कळत नाही. ते बाळ नेमकं कशाचं बनवलं होतं हे लिंचने कधीच सांगितलं नाही. सिनेमाचा अर्थही नाही सांगितला. हजारो लोकांनी विचारलं. नाहीच सांगितलं.

असल्या सिनेमाची डिस्क कपाटात असली की कपाटात एक न उघडलेलं पत्र असल्यासारखं वाटतं. ज्याला हे कळलं तो कलेक्टर होतो. बाकीचे शहाणे राहतात.

आणि तिसरी गोष्ट, जी सांगायला मला लाज वाटते. मिजास. माझ्याकडे आहे आणि तुझ्याकडे नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे अलेहांद्रो होदोरोव्स्कीचा 'एल टोपो'. डिसेंबर १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या एल्गिन थिएटरात तो मध्यरात्री दाखवायला लागले आणि लोक रात्री-रात्री रांगा लावायला लागले. मध्यरात्रीचा सिनेमा ही अमेरिकेतली सगळी भानगड तिथूनच वाढली, 'इरेझरहेड'सुद्धा पुढे तसाच चालला. 'एल टोपो' आवडला जॉन लेननला. त्याच्या शब्दावरून अॅलन क्लाइन या मॅनेजरने सिनेमाचे हक्क घेतले आणि पुढच्या 'द होली माउंटन'साठी पैसा उभा राहिला. मग क्लाइन आणि होदोरोव्स्की यांचं बिनसलं. आणि क्लाइनने दोन्ही सिनेमे कुलूपबंद केले. तीसेक वर्षं!

या तीस वर्षांत काय झालं असेल? बरोबर. चोरट्या कॉप्या. खुद्द होदोरोव्स्कीच म्हणायचा की घ्या, बघा, वाटा. स्वतःच्या सिनेमाची चोरी व्हावी म्हणून दिग्दर्शकच मदत करतोय, असं दृश्य. २००४ च्या सुमारास दोघांचा समेट झाला आणि २००७ मध्ये रीतसर, स्वच्छ डीव्हीडी आल्या. त्या दिवशी अनेक कलेक्टरांना आनंद झाला असणार. आणि काही जणांना, मी पैज लावतो, बारीकसं दुःखही झालं असणार. इतकी वर्षं जपलेली टेप एका दिवसात रद्दी झाली ना.

मला हे कसं माहीत? कारण मी त्यातलाच आहे. जानेवारी २०१४ मध्ये 'ओम दर-ब-दर' लागला तेव्हा मी डेक्कन क्वीन पकडून मुंबईला गेलो. मल्टिप्लेक्स, एसी, पॉपकॉर्न. पडद्यावर पहिल्यांदा खरे रंग दिसले. इतकी वर्षं मी ज्याला डाग समजत होतो ते डाग नव्हतेच, दिग्दर्शकाने मुद्दाम ठेवलेल्या गोष्टी होत्या. आणि शेजारी एक जोडपं बसलेलं, बहुतेक चुकून आलेलं. तो मुलगा जोरजोरात हसत होता. अगदी योग्य जागी हसत होता. मला काय वाटायला हवं होतं? वा, आणखी एक जण सापडला. मला काय वाटलं? याला काय हक्क आहे. याने कुठे शोधलाय हा सिनेमा? तिकीट काढलं आणि आला!

परतीच्या गाडीत मी स्वतःवरच वैतागलो होतो. कर्जत-खंडाळ्याच्या घाटात बसून मी विचार करतोय की माझं प्रेम सिनेमावर आहे की तो कुणाला मिळत नाही यावर आहे. उत्तर तेव्हाही नीट मिळालं नाही.

आता जी गोष्ट सांगायची म्हणून हा भाग केला, ती.

दादाने स्वतः एक सिनेमा केला होता. चौदा मिनिटांचा. मित्राचा हँडीकॅम, छोट्या टेपवाला, आणि दोन दिवसांची सुट्टी. गावाबाहेरचा एसटीचा स्टँड. त्यात त्याची आजी, खरीखुरी आजी, मांडीवर भिंतीवरचं घड्याळ घेऊन बसलेली. गाडी येते, ती उठत नाही. दुसरी येते, उठत नाही. मधेच ती घड्याळाशी बोलते, रागावते, त्याला पदराने वारा घालते. शेवटी कंडक्टर खाली उतरतो, घड्याळासाठी एक अर्धं तिकीट फाडतो, घड्याळ गाडीत बसून जातं आणि आजी घरी येते. संपलं. मी तेव्हा फार सिनेमे पाहिले नव्हते, पण मला ते शेवटचं अर्धं तिकीट अजून दिसतं.

हा सिनेमा कुठे दाखवला गेला नाही. दादाने मला फाइल दिली, म्हणाला तुझ्याकडे राहू दे. मी माझ्या दोन टीबीच्या हार्ड डिस्कवर, 'कुणाकडे नाही' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली. हो, फोल्डरचं नाव तेच होतं. हसा.

पुढे हॉस्टेलवर एक ज्युनियर आला. सिनेमाचं वेड लागलेला. त्याने कुठूनतरी ऐकलं आणि माझ्या मागे लागला, "दादा, तो घड्याळवाला सिनेमा द्या ना." मी म्हटलं, "देतो नंतर." महिन्याने परत आला. "अरे, डिस्क घरी आहे." डिस्क माझ्या बॅगेत होती. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही.

आता मधेच जरा वेगळं सांगतो, पण संबंध आहे. तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' नाटक तुम्हाला माहीत आहे. त्यावर १९७६ मध्ये मराठी सिनेमा झाला हे किती जणांना माहीत आहे? पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी 'युक्त' नावाची सहकारी संस्था काढली आणि मिळून केला. मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि आपले हेच कमल स्वरूप. मोहन आगाशे नाना, आणि ओम पुरींचा हा अगदी सुरुवातीचा सिनेमा. तोही सरळ नाही हं. नाटक जसंच्या तसं चित्रित केलेलं नाही, डोक्याला व्यायाम आहे. इतकी मोठी नावं, आणि सिनेमा आपल्याकडे बघायला मिळेना. प्रिंट राहिली होती कुठे? बर्लिनमध्ये. आर्सेनल नावाच्या संस्थेच्या संग्रहात. तिच्यावरून मग डिजिटल प्रत झाली. पेशवाईवरचा मराठी सिनेमा आपल्याला जर्मनीतल्या कपाटातून परत मिळाला, कारण तिथे कुणीतरी डबा फेकून दिला नाही.

फेकून न देणं हे किती मोठं काम आहे ते पुण्याच्या माणसाला सांगायची गरज नसावी. लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हचे पी. के. नायर यांनी आयुष्यभर तेच केलं. चांगला सिनेमा, वाईट सिनेमा बघितलं नाही, मिळेल ते रीळ उचललं. फाळक्यांच्या सिनेमांचे तुकडे आज बघायला मिळतात त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पण नायरसाहेब जमवायचे ते दाखवायलाही. पोरांसाठी प्रोजेक्टर लावायचे. मी जमवायचो आणि कुलूप लावायचो. मी क्लाइन होतो, फक्त गरीब.

आणि तुम्ही म्हणाल, आता काय, सगळं अॅपवर आहे. नाही हो. अॅपवर सिनेमा भाड्याने राहतो. करार संपला की घर सोडून जातो, आणि तुमच्या वॉचलिस्टमध्ये नुसतं करडं पोस्टर उरतं. असल्या विचित्र सिनेमांचं तर विचारूच नका, त्यांना घरमालकच मिळत नाही.

असो. २०२१ च्या जूनमध्ये दादाचा फोन आला. बऱ्याच वर्षांनी. तो आता गावीच असतो, शेती आणि दुकान बघतो. म्हणाला, "आजी गेली रे." मी काय बोलायचं ते बोललो. मग थोडं थांबून म्हणाला, "तो घड्याळवाला तुझ्याकडे असेल ना? माझी टेप मी पुढच्या शूटिंगला परत वापरली होती. घरात तिचे फोटो आहेत दोन-तीन, पण बोलताना कुठेच नाहीये ती."

मी म्हटलं, "आहे ना. रात्री पाठवतो."

रात्री कपाटातून डिस्क काढली. लावली. आतून टक्-टक्-टक् आवाज आला. काढून परत लावली. टक्-टक्-टक्. ज्यांनी हा आवाज ऐकलाय त्यांना कळेल. चार वर्षं मी ती लावलीच नव्हती. जपून ठेवली होती ना.

डेटा परत काढून देणाऱ्याकडे गेलो. त्याने डिस्क कानाला लावली, अक्षरशः डॉक्टरसारखी, आणि मान हलवली. म्हणाला, "दुसरी कॉपी असेलच ना?" मी त्याला 'कुणाकडे नाही' फोल्डरबद्दल काही सांगितलं नाही. पैसे बरेच सांगितले, दिले. तीन आठवडे लागले. त्या काळात मी त्या ज्युनियरला फोन केला. आशा अशी की त्याने कधीतरी माझ्या नकळत कॉपी करून घेतली असेल. कधी नव्हे ते मला वाटत होतं की याने चोरी केलेली असू दे. तो म्हणाला, "नाही दादा. तुम्ही दिलाच नव्हता ना."

शांतपणे म्हणाला. चिडून म्हणाला असता तर बरं झालं असतं.

तीन आठवड्यांनी निघालं ते एवढं. बाकीचा साठा बहुतेक गेला. त्याचं मला आता फार वाटत नाही, त्यातलं बरंचसं जगात कुठेतरी आहे, कुणाकडे तरी. दादाच्या सिनेमाची मधली सहा मिनिटं निघाली. अर्धं तिकीट नाही, कंडक्टर नाही. आणि आवाज नाही. आजी घड्याळाशी बोलतेय, पदराने वारा घालतेय, आणि सगळं मुकं.

मी तशीच पाठवली. खाली लिहिलं, 'एवढंच निघालं. चूक माझी आहे.' दोन दिवस उत्तर नाही. मग त्याचा व्हॉइस मेसेज आला. म्हणाला, "काय बोलतेय ते मला ओठांवरून कळतंय. मीच लिहिलं होतं की. पण मधे एका ठिकाणी तिने काहीतरी स्वतःच्या मनाचं घातलंय, ते लागत नाहीये. आई आणि आत्या बसल्यात बघत."

नंतर कळलं, त्यांच्या घरात त्या दोन वाक्यांवरून अजून वाद चालू आहे. आत्या म्हणते ती घड्याळाला आजोबांच्या नावाने हाक मारतेय. आई म्हणते काही नाही, ऊन लागतंय म्हणून कुरकुरतेय.

ती सहा मिनिटं आता पाच जणांकडे आहेत. दादाने चालेल म्हटल्यावर मी त्या ज्युनियरलाही पाठवली, नऊ वर्षं उशिरा. त्याचं लग्न झालंय, नाशिकला असतो. त्याने रात्री साडेबाराला लिहिलं, 'काहीच कळलं नाही दादा.' आणि मग एकला, 'परत बघतोय.'

चला, आजच्यापुरतं एवढंच. कमल स्वरूपांनी फाळक्यांवर जे काम केलंय, 'रंगभूमी' नावाची फिल्म आहे, तिच्याबद्दल एकदा निवांत बोलू. काळजी घ्या, भेटू.